मिळकतकर भरूनही कचऱ्याचे वेगळे पैसे का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ताईंना दरमहा शुल्क द्यावे लागते. मिळकतकर भरत असताना हा खर्च कशासाठी, आणि त्याऐवजी ठेकेदाराची गाडी लावणे अधिक पर्यावरणपूरक ठरणार नाही का, असा प्रश्न वार्षिक सभेत निघाला. आपले मत कळवावे.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनी कचऱ्याची वर्गवारी आणि सेवाशुल्क या दोन्ही गोष्टी नागरिकांवर बंधनकारक केल्या. पुण्यात त्या शुल्काला आणखी एक अर्थ आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातून घडलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८मध्ये महापालिकेशी करार केला, तेव्हा कचराकुंडीत हात घालून पोट भरणाऱ्या बायकांना घराच्या दारातून, ओळखपत्रासह कचरा घेण्याचा हक्क मिळाला. महापालिका त्यांना पगार देत नाही. आपले शुल्क आणि भंगाराची विक्री एवढीच त्यांची कमाई.

गाडीचा मुद्दा इथेच तपासावा. ठेकेदाराला वजनावर पैसे मिळत असतील, तर ओले-सुके एकत्र कोंबण्यातच त्याचा फायदा असतो. ताईंचे उत्पन्न मात्र वर्गवारीवर अवलंबून आहे. एकदा त्यांच्याजवळ थांबून पाहा : बाटली आणि तिचे झाकण वेगवेगळ्या प्लास्टिकचे असते म्हणून त्या झाकण काढून निराळे ठेवतात, पुठ्ठा कोरडा राखतात, कारण भिजलेल्या पुठ्ठ्याला दर मिळत नाही. हिरव्या अर्थव्यवस्थेची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. माझ्या मते ती प्रत्यक्षात चालते ती या हातांवर.

ओल्या कचऱ्याची जबाबदारी मात्र आपली आहे. तो ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि शहराच्या कचऱ्याची दुर्गंधी व दूषित पाणी कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. म्हणून शुल्क कमी करण्याऐवजी सभेने आवारातच खत करण्याचा ठराव करावा, वर्गवारीसाठी छप्पर व पाण्याची सोय असलेली जागा द्यावी, आणि शुल्क ठरलेल्या तारखेला द्यावे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ताईंना पुडी उघडून पाहावी लागणार नाही.