टोपीवरच्या जुन्या ब्रिटिश लष्करी बिल्ल्याचा काळ कसा ठरवावा?

देवळालीच्या घरात आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला पितळी बिल्ला कोणत्या पलटणीचा, किती जुना आणि खरा आहे का, असे तुम्ही विचारले आहे. वर गोलसर मुकुट, मधे चाकाची तोफ आणि पट्ट्यांवर लॅटिन शब्द, हे तुमचे वर्णन पाहता पलटणीबद्दल शंका उरत नाही. तो रॉयल आर्टिलरीचा, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याचा बिल्ला आहे. वरच्या पट्टीवरील ‘उबिक्वे’ या शब्दाचा अर्थ ‘सर्वत्र’ असा होतो. स्वातंत्र्यानंतर भारतीय तोफखान्याने चिन्हातली तोफ कायम ठेवली; मुकुटाच्या जागी तारा आला, ‘उबिक्वे’च्या जागी ‘सर्वत्र’ आले आणि खालच्या लॅटिन ओळीऐवजी ‘इज्जत-ओ-इकबाल’ आले. तुमच्या गावात तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असल्याने हे नवे चिन्ह तुम्ही अनेकदा पाहिलेही असेल. ‘उबिक्वे’च्या जागी नुसती पानांची डहाळी असती, तर तो बिल्ला तोफखान्याच्या टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या तुकडीचा ठरला असता.

काळाचे उत्तर मात्र एका सालात देता येत नाही. त्यासाठी पहिली खूण मुकुटाची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी किंचित दबलेल्या असतात, १९०१ ते १९५२ या काळातील राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल असतात आणि १९५३ पासून एलिझाबेथ राणीच्या मुकुटात त्या पुन्हा मधे खोलगट होतात. नवखे लोक पहिला आणि तिसरा मुकुट एकमेकांत मिसळतात आणि साठ-सत्तर वर्षांनी चुकतात; अशा वेळी बिल्ला हातात तोलून पाहावा, कारण एलिझाबेथ राणीच्या काळातील पुष्कळ बिल्ले चकचकीत, हलक्या ॲल्युमिनियमचे आहेत. शिवाय २०२२ मध्ये चार्ल्स राजाने पुन्हा गोल कमानींचा मुकुट निवडला आहे, त्यामुळे अगदी कोऱ्या बिल्ल्यावरही आता तुमच्यासारखाच मुकुट दिसू शकतो.

मुकुट दिसला म्हणजे तो राजाचाच असेल, असेही नाही. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून जी शेवटची ब्रिटिश पलटण बोटीकडे गेली, त्या सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर बिगुलाच्या वर तटबंदीच्या आकाराचा मुकुट आणि ‘जलालाबाद’ हे नाव आहे. १८४१-४२ मध्ये अफगाणिस्तानातील त्या शहराचा बचाव केल्याचा तो मान आहे. राजा किंवा राणी बदलल्याने या मुकुटाचा आकार बदलत नाही, म्हणून तेथे काळ ठरवायला दुसरी खूण शोधावी लागते. याउलट रॉयल इंजिनिअर्सच्या बिल्ल्याच्या मध्यभागी राज्यकर्त्याची आद्याक्षरेच असल्यामुळे काम फार सोपे होते: पाचव्या जॉर्जची अक्षरे असतील, तर १९१० ते १९३६.

पलटणीचे नावही काळ सांगते. १ जुलै १८८१ रोजी पायदळाच्या पलटणींचे जुने क्रमांक जाऊन त्यांना प्रामुख्याने परगण्यांची नावे मिळाली, त्यामुळे नुसता आकडा असलेला पायदळाचा बिल्ला बहुधा त्याआधीचा असतो. तसेच आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद आणि वाहतूक पाहणारे दल, याच्या नावाआधी ‘रॉयल’ हा शब्द १९१८ च्या अखेरीस लागला. एखादी पलटण मोडली गेली असेल, तर शेवटची मर्यादा आपोआप मिळते. रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन मूळची मुंबईची, ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे फ्युझिलिअर्सची; जळत्या हातगोळ्यावर वाघ आणि हत्ती असलेल्या तिच्या बिल्ल्यावर मुकुटच नाही, पण ती पलटण १८८१ ते १९२२ एवढीच टिकली.

याच पलटणीच्या बिल्ल्यावर मी एकदा फसलो. एका विक्रेत्याने तो अस्सल म्हणून दिला आणि मी पुढची बाजू पाहूनच पैसे मोजले. घरी भिंगाखाली पाहिले, तर वाघाचे पट्टे पुसट, हत्तीची सोंड सुजल्यासारखी आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे. अस्सल बिल्ले पातळ पत्र्यावर ठसा दाबून काढलेले असतात, त्यामुळे मागच्या बाजूला पुढच्या चित्राचा पोकळ उलटा आकार दिसतो. माझा बिल्ला अस्सलावरून साचा घेऊन ओतलेला होता. असे बिल्ले जाड आणि जड असतात आणि ओतलेला धातू थंड होताना आकसत असल्याने मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहानही भरतात.

म्हणून बिल्ला आधी उलटा करून पाहावा. पाठीवर झाळलेल्या दोन कड्या असतील किंवा टोपीच्या फटीत सरकवण्याची चपटी उभी पट्टी असेल. ही पट्टी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, पण कड्याही पुढे चालूच राहिल्या. त्यामुळे पट्टी असल्यास बिल्ला व्हिक्टोरियाच्या काळातला नाही असे बहुधा म्हणता येते, मात्र कड्या असल्या म्हणून तो जुनाच ठरत नाही. कारखान्याच्या नावावर फार विसंबू नये, कारण ते नव्या नकलांवरही उठवलेले आढळते. धातूची खूण तुमच्या बाबतीत उपयोगाची नाही: १९१६ मध्ये काटकसरीसाठी अनेक दुरंगी बिल्ले नुसत्या पितळेचे केले गेले, परंतु तोफखान्याचा बिल्ला आधीपासूनच पितळी होता. दुसऱ्या महायुद्धातला प्लॅस्टिकचा बिल्ला असता, तर काळ लगेच कळला असता.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून बिल्ला अस्सल असल्यास तो १९०१ ते १९५२ या काळातला धरावा. तो ट्रंकेत होता एवढ्यावरून आजोबा ब्रिटिश तोफखान्यात होते असे मानू नये. छावणीच्या गावात असे बिल्ले भेट म्हणून किंवा भंगारातूनही घरी येत असत. त्यांच्या नोकरीची कागदपत्रे त्याच ट्रंकेत आहेत का, ते पाहा. चिंच किंवा ब्रासो लावून बिल्ला घासू नका, कारण झिजलेल्या कडा आणि खाचांतील काळपटपणा हाही पुरावाच आहे. मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून द्या आणि तोफेचे चाक बोटाने फिरते का तेही कळवा, कारण या बिल्ल्याचे फिरत्या चाकाचे आणि स्थिर चाकाचे असे दोन्ही प्रकार मिळतात.