मेंटॉरिंगचा उपयोग झाला, हे कशावरून?

प्रश्न : आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांची मेंटॉर होतात. ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांच्या केटी (नापास होऊन मागे राहिलेले विषय) कमी आहेत आणि फीडबॅक ५ पैकी ४.५ आहे. एवढ्यावर उपक्रम यशस्वी म्हणावा का?
– समन्वयक प्राध्यापिका

उत्तर : नाही. आपणहून नाव देणारी मुलं बहुधा मुळातच नेटाने अभ्यास करणारी असतात. मेंटॉर नसता तरी त्यातली बरीच पास झाली असती. गेल्या वर्षीच्या निकालाशी तुलनाही फसवी. एम-१चा (पहिल्या सत्राच्या गणिताचा) पेपर सोपा निघाला, की सगळ्यांच्याच केटी उतरतात.

मेंटॉर कमी आणि इच्छुक जास्त असतील, तर चिठ्ठ्या टाका. आधी शाखा आणि सीईटी पर्सेंटाइलप्रमाणे गट पाडा, मग प्रत्येक गटात चिठ्ठ्या काढा. ज्यांचं नाव निघालं नाही, त्यांना दुसऱ्या सत्रात मेंटॉर द्या. तुलना पहिल्या सत्राच्या निकालाची. मेंटॉर मिळूनही जो एकदाही भेटला नाही, त्यालाही मेंटॉरवाल्या गटातच मोजायचं. नेमकी हीच नावं गाळली जातात आणि आकडा फुगतो.

दोन्ही गटांत ६०-६० मुलं धरा. मेंटॉरवाल्या गटात १८ जणांना केटी, दुसऱ्या गटात २४ जणांना. ३० आणि ४० टक्के, अहवालात छान दिसतं. पण सहा मुलांचा हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. एवढा फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे ३५० मुलं लागतात. म्हणून सुमारे सहा वर्षांच्या तुकड्या एकत्र धरा आणि पास-नापासाबरोबर प्रत्यक्ष गुणही ताडून पाहा.

भेटींच्या वहीत तारीख, मिनिटं, विषय आणि पुढे काय ठरलं, एवढं त्याच दिवशी लिहिलेलं हवं. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम यायच्या आदल्या आठवड्यात एकाच पेनाने भरलेली वही ओळखू येतेच! मेंटॉरमागे २० विद्यार्थी, या गुणोत्तरावरून नेमणुका कळतात, भेटी नाहीत.

फीडबॅक फॉर्म निनावी ठेवा आणि वाटायला मेंटॉरला पाठवू नका. ‘समाधानी आहात का?’ याऐवजी ‘गेल्या महिन्यात किती वेळा भेटलात, कशासाठी?’ असं विचारा.

प्रश्न : जी मुलं उघडच मागे पडली आहेत, त्यांनाही चिठ्ठीवर सोडायचं?

उत्तर : अजिबात नाही. त्यांना थेट मेंटॉर द्या आणि तुलनेतून बाहेर ठेवा. मात्र ‘मागे पडलेला’ कोण, याचा निकष (समजा, पहिल्या चाचणीत ३० पैकी १० पेक्षा कमी गुण) आधी लिहून ठेवा आणि चिठ्ठ्या चाचणीनंतरच काढा.