जुन्या सिनेमाची पोस्टरं कुणी रंगवली हे कसं ओळखायचं?

मामांच्या माळ्यावर चार पोस्टरं सापडली, ती कुणी काढली असतील, असं तुम्ही विचारलंय. आधी खालचे कोपरे बघा. नाव बहुतेक वेळा तिथेच असतं, पण नजर हिरोच्या तोंडावरून खाली उतरतच नाही.

नुसतं 'दिवाकर' लिहिलेलं दिसलं तर ते दिवाकर करकरे, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. 'दीवार'चं (१९७५) पोस्टर त्यांचंच. ब्रशऐवजी पॅलेट नाइफने (रंग थापायच्या बोथट सुरीने) थापलेला तैलरंग ही त्यांची खूण. गालावर एक पट्टा, कपाळावर दुसरा, मध्ये मिसळणं वगैरे काही नाही. नाकाजवळ धरून बघितलं तर नुसते रंगाचे लपके, चार पावलं मागे सरकलात की अमिताभ.

हे मागे सरकून बघण्याचं गणित आमच्या कोल्हापुरात फार जुनं. (कोल्हापूरकर आहे, थोडं सहन करा.) बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला महालाचा खांब खांबच दिसला पाहिजे, हे ज्याच्या हातात बसलंय, त्याला पोस्टर वेगळं काय शिकवायचं? पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि स्वतःच्याच मूकपटांची पोस्टरंही स्वतः केली. 'कल्याण खजिना'चं (१९२४) पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या भारतीय रंगीत पोस्टरांमध्ये सगळ्यात जुनं मानलं जातं.

जी. कांबळेही कोल्हापूरचेच. 'मुघल-ए-आझम'च्या (१९६०) जाहिरातीची चित्रं त्यांनी रंगवली. आणि सरकारी कचेरीत शिवाजी महाराजांचं जे अधिकृत चित्र लागतं, तेही कांबळ्यांचं. म्हणजे त्यांचं काम आपण सगळ्यांनी पाहिलंय, नाव मात्र विचारलं नाही.

एस. एम. पंडित गुलबर्ग्याचे. 'बरसात'चं (१९४९) पोस्टर त्यांचं. माझ्या मते या सगळ्यांत माणसाची कातडी रंगवावी तर त्यांनीच.

सही नसेल तर निराश होऊ नका. पुष्कळदा माणसाऐवजी स्टुडिओचं नाव असायचं, कारण एका पोस्टरवर तीन-चार हात फिरलेले असत. चेहरे मुख्य चित्रकाराचे, अक्षरं दुसऱ्याची, मागचे डोंगर आणि घोडे हाताखालच्या पोरांचे.

आता अस्सल-नकली. मी एकदा मुंबईच्या जुन्या बाजारात चांगलाच फसलोय. पिवळट कागद, आडव्या-उभ्या घड्या, कडेला फाटलेलं. पूर्वी पोस्टरं घडी घालूनच थिएटरला जायची, त्यामुळे घड्या बघून मी खूश. घरी आणून घडीवर बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत! घड्या छापलेल्या होत्या. अस्सल पोस्टर स्कॅन करून त्याच्या घड्यांसकट छापलेलं. तेव्हापासून डोळ्यांआधी बोट.

दुसरं म्हणजे भिंग घ्या. जुन्या लिथो (दगडी ठशाच्या) छपाईत रंगाचा दाणा वेडावाकडा दिसतो, ऑफसेट या नंतरच्या यांत्रिक छपाईत ठिपके रांगेत उभे असतात. सत्तरच्या दशकातल्या पोस्टरवर रांगेतले ठिपके दिसले तर घाबरू नका. पण १९४०च्या सिनेमाचं संपूर्ण पोस्टर तसं असेल तर शंका घ्या. ते नकलीच असेल असं नाही. सिनेमा पुन्हा लागला की पोस्टरही पुन्हा छापत, त्यामुळे सिनेमाचं वय आणि कागदाचं वय एकच धरू नका.

मापही घ्या. नेहमीचं पोस्टर साधारण तीस बाय चाळीस इंचांचं. कडा कापलेल्या असतील तर नेमकी छापखान्याच्या नावाची तळाची बारीक ओळ गेलेली असते. ती शाबूत असेल तर तिचा आणि चारही कोपऱ्यांचा जवळून फोटो टाका, सही वाचायचा प्रयत्न करू. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, निदान तोवर तरी.