नानांच्या अंगठ्याची जखम भरत का नाही?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही पिंपळगाव बसवंतजवळ राहतो, द्राक्षाची बाग आहे. माझे सासरे, घरात सगळे नानाच म्हणतात, वय ६८, शुगर १२ वर्षांपासून. दिवाळीत नवीन चप्पल घेतली ती अंगठ्याला लागली, जखम एवढीशीच, हरभऱ्याएवढी, पण दोन महिने झाले भरतच नाहीये. पू नाही, रक्त नाही, पण रात्री इतकं दुखतं की झोपतच नाहीत, पाय खाटेखाली सोडून बसतात तेव्हा जरा बरं वाटतं म्हणे. शेजारच्या काकूंची घोट्याची जखम घट्ट पट्टी बांधून आणि पाय उशीवर ठेवून बरी झाली, म्हणून आम्हीपण तसंच केलं तर नाना ओरडायलाच लागले. आता थंडी आहे म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकतो. बिडी ३५ वर्षं ओढली, आता सोडलीये, मशेरी तेवढी चालू आहे. पाय कापावा लागेल का हो?
– एक सूनबाई, ता. निफाड

उत्तर : ताई, आधी उठा आणि ती पट्टी सोडा, गरम पाण्याची पिशवीपण उचलून ठेवा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे पाय खाली सोडला की बरं वाटतं. काकूंची जखम बहुतेक शिरेची होती, म्हणजे पायातलं अशुद्ध रक्त वर चढत नाही, पाय सुजतो, जखम घोट्याच्या आतल्या बाजूला होते आणि पाझरत राहते, तिथे दाबून पट्टी आणि पाय वर हाच उपाय. नानांचं उलटं दिसतंय. त्यांच्या पायापर्यंत रक्त पोचतच नसावं, म्हणून पाय वर घेतला की कळ वाढते आणि खाली सोडला की थोडंफार रक्त उतरतं. बागायतदार आहात, ड्रिप तुम्हाला सांगायला नको, नळी मध्येच चोकअप झाली की ओळीतलं शेवटचं झाड आधी सुकतं, मग त्याच्या बुडाशी कितीही खत टाका. पायाचा अंगठा म्हणजे ते शेवटचं झाड, आणि जखमेवर लावायचं मलम म्हणजे ते खत.

घरी एवढं बघा. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांना लावा, जखमेचा पाय जास्त गार लागतो का? नडगीवरचे केस गेलेत, कातडी चकाकते, नखं जाड झालीत? नानांना आडवं करून पाय मिनिटभर वर धरला तर पांढरा पडतो आणि खाली सोडल्यावर हळूहळू लालभडक होतो का? तो लाल रंग बघून रक्त चांगलं येतंय असं मात्र समजू नका, पुष्कळ जण तिथेच फसतात.

यातलं काही दिसो न दिसो, शुगरवाल्या पायाची जखम दोन महिने भरत नाही एवढं कारण पुरे आहे, याच आठवड्यात नाशिकला व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरला, दाखवा. ते पायाची नाडी बघतील, घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन दोन्हींचं गुणोत्तर काढतील, त्याला एबीआय म्हणतात, ०.९ च्या खाली आलं तर धमनी, म्हणजे पायाकडे रक्त नेणारी नळी, अरुंद झालीये. पण जुन्या शुगरमध्ये धमन्या कडक होतात आणि आकडा खोटा चांगला येतो, कधी १.४ च्याही वर, म्हणून नुसत्या त्यावर थांबू नका, कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करून घ्या, बोटातलं प्रेशरही मोजता येतं. पुढे अँजिओग्राफी सांगितली तर त्यात डाय देतात, त्याचा किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट आधी दाखवा.

अडथळा असला तर फुग्याने किंवा स्टेंटने नळी मोकळी करतात, नाहीतर बायपास. रक्त पोचायला लागलं की मग जखम भरते, त्याआधी काळी खपली खरवडायची नाही, भिजवायची नाही, कोरडी ठेवून सैल गॉज बांधायचं, बस. सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिनची गोळी देतात, कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी, ती मनाने बंद करू नका. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

मशेरीचं स्पष्टच सांगतो, ती तंबाखूच आहे, बिडी सोडून मशेरी लावणं म्हणजे दार बंद करून खिडकी उघडी ठेवणं. शेकू पण नका, रक्त कमी असलेला पाय पटकन भाजतो आणि शुगरमुळे त्यांना कळणारही नाही. निफाडची थंडी मला माहितीये, लोकरी मोजे घाला.

पाय कापायचं विचारलंत. वेळेत रक्त सुरू झालं तर पुष्कळदा पाय वाचतो, उशीर झाला तर बोट जातं, कधी त्याहून जास्त, हे लपवत नाही. वास आला, ताप आला, लाली वर सरकली तर त्याच दिवशी निघा. आणि पाय अचानक पांढराफटक, गार, बधिर पडला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच न्या. जाताना गोळ्यांची पाकिटं घ्या आणि ती दिवाळीची चप्पलपण घ्या, कुठे घासते ते दाखवायला.

प्रश्न : आईला शुगर आहे, चालताना पोटरीत गोळा येतो, थांबली की जातो. तिला श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करायचीये. जाऊ देऊ का?
– पंचवटी, नाशिक

उत्तर : अनवाणी अजिबात नाही. चालल्यावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा गोळा ही धमनी अरुंद होत असल्याची पहिली खूण असू शकते, आधी डॉपलर करा. डॉक्टर हो म्हणाले तर चालणं हेच औषध आहे, गोळा येईपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, अर्धा तास, आठवड्यातून तीन-चार दिवस, गोदाघाटावर सपाट रस्त्याने. मऊ, बंद बूट, घालण्याआधी उलटे करून झटकायचे, मोजे पांढरे, म्हणजे कुठे रक्त लागलं तर लगेच दिसतं. रोज रात्री बोटांच्या बेचक्या बघायच्या, तिला वाकता येत नसेल तर तुम्ही बघा.