लॉकडाऊनमध्ये दूर एकट्या राहणाऱ्या आईवडिलांची तब्येत आणि मन तुम्ही कसं सांभाळलंत?

तुम्ही लिहिलंय की वडील कोल्हापूरला एकटे होते आणि फोनवर बोलायला विषयच उरायचा नाही. अगदी आमचंच वर्णन.

आई तेव्हा ७३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, पुण्यात सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटी. मी ठाण्यात. २५ मार्च २०२० ला, ऐन पाडव्याला, लॉकडाऊन लागला तेव्हा "२१ दिवस तर आहेत" असं आम्ही दोघीही म्हणालो होतो. मग गाड्या बंद, एप्रिलमध्ये पेठांचा बराचसा भाग सील, आणि मी इथे बसून दिवसातून पाच वेळा फोन करणार: "जेवलीस का? बरी आहेस ना?" ती "हो" म्हणायची. दोन मिनिटांत फोन संपायचा.

पहिला महिना मी सगळं चुकीचंच केलं. आलेला प्रत्येक मेसेज तिला पुढे पाठवला. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरीचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सांगितलं होतं. माझ्या कृपेने आई चार वेळा घेत होती. तिचं तोंड आलं, पोटात आग पडायला लागली. टीव्हीवर 'रामायण' संपलं की बातम्या, आणि संध्याकाळी मला आकडे ऐकवणं: आज एवढे सापडले, एवढे गेले. तिचं बीपी वाढलं यात नवल नाही.

त्याहून वाईट गोष्ट मला उशिरा कळली. ती स्वयंपाकच करत नव्हती. "एकटीसाठी कुकर काय लावायचा?" सकाळी चहा-पोळी आणि रात्रीही चहा-पोळीच! 'जेवलीस का' याला 'हो' हे उत्तर खरंच होतं म्हणा. मग मी दुपारी एक वाजता फोन स्पीकरवर ठेवून तिच्याबरोबर जेवायला बसू लागले. ताटात काय आहे ते एकमेकींना सांगायचं, बस्स. महिन्याभरात तिच्या ताटात डाळ आणि भाजी परत आली. भाजीवाला खाली हाक मारायचा आणि ती गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची. चालणंही गॅलरीतच, कठड्याला धरून वीस फेऱ्या. मोजायला वाटीत वीस चिंचोके, एका फेरीला एक बाहेर.

पण आमचा फोन खऱ्या अर्थाने सुरू झाला तो शब्दकोड्यामुळे. पेपर घरी येणं बंद झालं होतं आणि आईला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं. मी ई-पेपर उघडून तिला कोड्याच्या चौकटी सांगितल्या: पहिल्या ओळीत चौथं घर काळं, दुसऱ्या ओळीत दुसरं आणि सातवं... तिने नातवाच्या जुन्या चौकटीच्या वहीत ते कोडं काढून घेतलं. त्यातच अर्धा तास गेला. मग आडवे ७: 'कमळ', तीन अक्षरी. "पंकज, सरोज, नीरज, अंबुज," आई एका दमात म्हणाली, "पहिले तिघे तर माझ्या एकाच वर्गात होते!" त्या तिघांच्या उचापती ऐकता ऐकता सहा वाजले. शेवटी मी म्हटलं, "अगं, मधल्या घरात र आलाय." "मग नीरजच. तो कायम मध्येच यायचा."

त्या दिवशी आकड्यांचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला तिचाच फोन आला, लॉकडाऊन लागल्यापासून पहिल्यांदा.

मला वाटतं, चौकशीच्या फोनने म्हाताऱ्या माणसाला आपण पेशंट असल्यासारखं वाटतं. दोघांनी मिळून करायचं काही काम असेल तर चौकशी आपोआप होते. शब्द अडखळत आला, मध्ये खोकली, तर मला लगेच कळायचं. तुमच्या वडिलांना कोडी आवडत नसतील तर बुद्धिबळाच्या चाली सांगा, जुन्या फोटोंमधली माणसं ओळखायला लावा. रोज तीच वेळ ठेवा मात्र.

सगळं फोनवर भागत नाही, हेही खरं. पुढे आम्ही ऑक्सिमीटर घेतला, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र. आरोग्य विभागाने सांगितलेली सहा मिनिटं चालायची चाचणी ती करायची, साठीपुढच्यांसाठी तीन मिनिटांची. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्तने उतरला तर डॉक्टर, असं ठरलेलं. शेजारच्या काकूंकडे घराची एक किल्ली ठेवली होती. ते तर पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

सप्टेंबरमध्ये ई-पासची, म्हणजे जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या परवान्याची, अट गेली तशी मी पुण्याला गेले. मास्क लावून, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. तिने मला जवळ घेतलं नाही, मीही गेले नाही. आम्ही गप्प बसून होतो थोडा वेळ, कारण साडेपाच वाजायचे होते.

साडेपाचचा फोन अजूनही असतो. कालच्या कोड्यात 'काठ', दोन अक्षरी, हे अडलंय. मी तीर म्हणतेय, ती तट.