खेळ घेणाऱ्यांचे शिक्षण

प्रश्न : माझी भाची अमेरिकेतील एका विद्यापीठात ‘पार्क अँड रिक्रिएशन’ या विषयाची पदवी घेत आहे. बागा राखायला आणि मुलांचे खेळ घ्यायला पदवी कशाला, असे आम्हाला वाटते. हा विषय तेथे कसा रुजला आणि ही दोन कामे एकत्र कशी आली?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बॉस्टनमध्ये १८८५ साली डॉ. मेरी झाक्रझेव्स्का यांच्या सूचनेवरून दाट वस्तीतील एका प्रार्थनागृहाच्या आवारात मुलांसाठी वाळूचा ढीग टाकण्यात आला. बर्लिनच्या बागांमध्ये त्यांनी तसे ढीग पाहिले होते. फावडी-बादल्या घेऊन मुले जमू लागली, तेव्हा त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवायचे हा प्रश्न आलाच. आरंभी परिसरातील स्त्रिया ते काम करीत. दोन वर्षांत त्यासाठी पगारी बायका नेमल्या गेल्या. पगार आला की ‘या कामासाठी पात्रता कोणती?’ हेही विचारले जाते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

१९०६ मध्ये वॉशिंग्टन येथे क्रीडांगणांसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष ल्यूथर गुलिक. बंद जागेत खेळता येईल असा खेळ शोधण्यास जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला सांगून १८९१ मध्ये बास्केटबॉलच्या जन्माला निमित्त झाले ते हेच. क्लार्क हेदरिंग्टन यांच्या समितीने १९०९ मध्ये या संघटनेसाठी खेळ घेणाऱ्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात खेळांच्या जोडीला बालस्वभाव, वस्तीची सामाजिक स्थिती, आरोग्य, प्रथमोपचार आणि क्रीडांगणाची व्यवस्था हे विषय होते, म्हणजे शिट्टी वाजवण्यापलीकडचे बरेच काही. पुढे १९२६ पासून सुमारे दहा वर्षे याच संघटनेने न्यूयॉर्कमध्ये पदवीधरांसाठी स्वतंत्र विद्यालय चालवले.

शिकागोमध्ये नीव्हा बॉइड यांचे प्रशिक्षण विद्यालय हल हाउस या सेवाकेंद्रात भरत असे. तेथे समूहखेळ, लोकनृत्य आणि नाट्य एकत्र शिकवले जाई. नाट्यखेळांसाठी पुढे नावाजलेल्या व्हायोला स्पोलिन तेथेच शिकल्या. १९२७ मध्ये बॉइड नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात शिकवू लागल्या आणि हे शिक्षण विद्यापीठाच्या उंबरठ्याच्या आत आले.

खरी निकड मात्र १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीने निर्माण केली. १९३५ नंतर सरकारी रोजगार योजनेतून हजारो बेकारांना मनोरंजन केंद्रांवर नेमले गेले. त्यांपैकी अनेकांना या कामाचा गंध नव्हता. १९३७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात याच प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी महाविद्यालयांची परिषद भरली, आणि त्यानंतर पदवी अभ्यासक्रम वाढत गेले.

उद्यानांचा प्रवाह वेगळा होता. बागा राखणारे अधिकारी वनशास्त्र, उद्यानरचना, अभियांत्रिकी यांतून येत. त्यांना झाडे व रस्ते कळत, खेळ घेणाऱ्यांना माणसे. शहरात दोघांची जागा एकच असल्याने कामे एकमेकांत मिसळत गेली, तरी संघटना निराळ्याच राहिल्या. १९६५ मध्ये त्या विलीन होऊन ‘नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशन’ झाली. भाचीच्या पदवीच्या नावातही हेच दोन शब्द आहेत, क्रम तेवढा उलटा.