घरची बिअर गढूळ का राहते?

प्रश्न : आंबवण पूर्ण होऊनही माझी बिअर गढूळच दिसते. ती कापडातून गाळून घ्यावी का?

उत्तर : मुळीच नको. यीस्टच्या पेशी साधारण 5 ते 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराच्या असल्याने त्या कापडातून सहज निसटतात, आणि गाळताना हवेशी संपर्क आल्यामुळे बिअरला पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, जी गढूळपणाहून कितीतरी वाईट. त्याऐवजी आंबवण खरोखर थांबल्याची खात्री करून भांडे 0 ते 2 अंश सेल्सिअस तापमानात 2-3 दिवस न हलवता ठेवावे आणि वरची निवळ नळीने अलगद काढून घ्यावी. केवळ थंड झाल्यावर दिसणारा धूसरपणा मात्र प्रथिने आणि पॉलिफेनॉल (वनस्पतींतील तुरट द्रव्ये) यांच्या संयोगातून येतो; त्यावर गरम पाण्यात विरघळवलेले जिलेटिन थंड बिअरमध्येच घालावे. 1 मायक्रॉनच्या फिल्टरने बहुतेक यीस्ट निघून जाते, त्यामुळे पुढे बाटलीत साखर घालून वायू धरवणे अवघड होते. गव्हाची बिअर असेल, तर गढूळपणा हा दोष नव्हेच.